गिटार-बेसची बैठक: वाद्य तयार कसं करायचं, न्यायचं कसं आणि दुसऱ्याच्या हातात कसं द्यायचं

वाद्य भिंतीवर टांगून ‘हात लावू नका’ म्हणत दाखवणं मला पटत नाही. गिटार किंवा बेस (खालच्या सुरांची, सहसा चार तारांची गिटार) दाखवायचा तर तो समोरच्याच्या हातात द्यायचा आणि त्याला चार सूर काढू द्यायचे. अनोळखी हातातही ते वाद्य नीट वाजलं पाहिजे. पुढची सगळी तयारी या एका अटीतून निघते.

मराठवाड्यात तर याची गरज जास्तच आहे. इथे वाद्यं आहेत, पण विखुरलेली. परभणीत एखाद्या निवृत्त प्राध्यापकाकडे कॉलेजच्या काळातली अकूस्टिक (विजेशिवाय वाजणारी) गिटार असते, जालन्यात चर्चमध्ये दर रविवारी बेस वाजतो, संभाजीनगरच्या सिडकोत एखादा नोकरदार दोन-तीन इलेक्ट्रिक बाळगून असतो आणि भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या पोराच्या गिटारला रोजच्या घामाचा आणि धुळीचा इतिहास असतो. यातल्या बहुतेकांनी फेंडर कंपनीचा चांगला जॅझ बेस किंवा गिब्सन कंपनीची लेस पॉल गिटार पडद्यावरच पाहिलेली असते. आठ-दहा जण आपापली वाद्यं घेऊन एका खोलीत बसले तर जे कळतं, ते व्हिडिओ बघून कळत नाही.

महिना आणि जागा

अशी बैठक दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत घ्या. एप्रिल-मे टाळाच. आपल्याकडे वैशाखात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, ती अडचण माणसांची. वाद्याची अडचण कोरड्या हवेची आहे. उन्हाळ्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते आणि अकूस्टिक गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के मानवते. लाकूड सुकलं की आखडतं. फ्रेटबोर्ड (बोटं ठेवायची पट्टी) अरुंद होतो, पण त्यावरच्या फ्रेटची, म्हणजे आडव्या रेघांची, धातूची तार तेवढीच राहते, म्हणून फ्रेटची टोकं कडेनं बाहेर येऊन बोटाला कापतात. वरची फळी खाली बसते, तारा फ्रेटला टेकून झणझणतात आणि पुढची पायरी म्हणजे ब्रिजजवळ (तारा जिथे बॉडीला अडकवतात तिथे) पडलेली चीर.

त्यात आपला कूलर. दिवसभर वाळ्याचा कूलर सुरू असला की खोलीतली हवा ओलीचिंब आणि रात्री लाइट गेली की पुन्हा कोरडी. हा झोका सततच्या कोरडेपणापेक्षाही वाईट. कूलरच्या झोतासमोर स्टँडवर उभी केलेली गिटार मला कुठेही दिसली की मी विचारल्याशिवाय उचलून बाजूला ठेवतो. उन्हाळ्यात वाद्याची जागा बंद केसमध्येच. केसमध्ये एक छोटा आर्द्रतामापक टाका आणि साबणाच्या प्लास्टिक डबीला भोकं पाडून त्यात ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवा, हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्यांच्या टोकाच्या, बाजूला. बोअरचं क्षाराचं पाणी वापरू नका, स्पंज दगड होतो. फिल्टरचं किंवा बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घ्या. थेंब ठिबकता कामा नये. पावसाळ्यात हे सगळं उलटं होतं: फळी फुगते, तारा वर जातात. तेव्हा स्पंज काढून सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. लाकडाचे पातळ थर दाबून चिकटवलेल्या, म्हणजे लॅमिनेट फळीच्या गिटारला हे सगळं कमी जाणवतं. यामाहाची एफ ३१० आपल्याकडे एवढी टिकते त्याचं हे एक कारण.

जागा घरातली मोठी खोली, संगीतवर्गाचा हॉल किंवा कॉलेजचं सभागृह. गच्ची संध्याकाळी छान वाटते, पण दव आणि धूळ दोन्ही येतात, शिवाय ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर लावता येत नाही. निवासी भागाची मर्यादाही दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल एवढीच आहे. लातूरकरांनी आणखी एक बघावं: शेजारच्या तीन इमारतींत ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणारी पोरं राहत असतील तर परीक्षेच्या तोंडावर बेसचा अँप उघडू नये. खालचा सूर भिंतीतून जातो, दार लावून अडत नाही.

तीन आठवडे आधी: आपलंच वाद्य ओळखून घ्या

पहिला प्रश्न ‘कितीला पडली?’ हाच येणार. तो आपल्याकडे सगळ्यालाच येतो, प्लॉटपासून म्हशीपर्यंत, त्यात राग मानायचं कारण नाही. सरळ आकडा सांगा. पण त्यानंतर सांगायला काही असलं पाहिजे, म्हणून आधी बसून वाद्याची माहिती काढा.

हेडस्टॉकच्या मागे किंवा नेकच्या (गिटारच्या दांड्याच्या) तळाशी क्रमांक असतो. २०१०नंतरच्या मेक्सिकोत बनलेल्या फेंडरवर ‘एमएक्स’ आणि त्यापुढचे दोन आकडे वर्षाचे. १९७७ ते २००५ या काळातल्या बहुतेक गिब्सनवर आठ आकडी क्रमांक आहे. पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष, मधले तीन आकडे त्या वर्षातला कितवा दिवस. म्हणजे ९०१२५३३३ दिसलं तर १९९५चा १२वा दिवस. क्रमांक जुळला म्हणून वाद्य खरं ठरत नाही, नकला करणारे क्रमांकही टाकतात. गिब्सनच्या ट्रस रॉडवरचं (नेकची वाक सांभाळणाऱ्या आतल्या लोखंडी दांडीवरचं) झाकण सहसा दोन स्क्रूंवर असतं. तिथे तीन दिसले तर शंका घ्यावी. कुणाच्या गिटारबद्दल शंका आली तर ती चारचौघांत बोलून दाखवायची नाही, नंतर बाजूला घेऊन सांगायचं. कष्टाचे पैसे घातलेले असतात.

मग स्केल, म्हणजे नटपासून (हेडस्टॉकजवळची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत (ब्रिजवरचा तारेचा टेकू) तारेची वाजणारी लांबी. नट ते १२वा फ्रेट मोजा आणि दुप्पट करा. फेंडरची बहुतेक गिटार ६४८ मिमी, गिब्सनची ६२८च्या आसपास, एफ ३१० ची ६३४. पूर्ण लांबीचा बेस ८६४, आखूड स्केलचा ७६२. हातात घेणाऱ्याला ‘ही तार मऊ का लागते?’ असं वाटतं, त्याचं निम्मं उत्तर या आकड्यात असतं. उरलेलं तारेच्या जाडीत.

फ्रेटबोर्डचं लाकूड बघा. शिसवाच्या जातकुळीतल्या सगळ्या झाडांवर जानेवारी २०१७पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधनं आली आणि तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती नोव्हेंबर २०१९मध्ये. त्यामुळे त्या दोन-तीन वर्षांतल्या बऱ्याच कंपन्यांच्या गिटारवर पाऊ फेरो, लॉरेल अशी दुसरी लाकडं दिसतात. तुमची २०१८ची असेल आणि बोर्ड फिकट तपकिरी असेल तर त्यामागे हे आहे.

वाद्याचा आराखडा कुठून आला, हेही दोन वाक्यांत सांगता यावं. फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१चा. त्याआधी उभ्या डबल बेसला फ्रेट नव्हते. याला फ्रेट आले, सूर नेमका लागू लागला, म्हणून नावात प्रिसिजन. जॅझ बेस १९६०चा, दोन पिकअप (तारेचं कंपन पकडणारे चुंबक) आणि नटजवळ निमुळता नेक. टेलिकास्टर हे नाव १९५१चं, लेस पॉल १९५२ची, स्ट्रॅटोकास्टर १९५४ची. तुमची गिटार कोलकात्याची गिवसन असली तरी आकार यांच्यापैकीच कुणाचा तरी किंवा जुन्या अमेरिकन अकूस्टिकचा असतो. देशी गिटार लपवून ठेवू नका. माझ्या मते बैठकीत सगळ्यात जास्त बोलणं होतं ते तिच्यावरच, कारण ती प्रत्येकानं कधी ना कधी वाजवलेली असते.

शेवटी, काय बदललंय ते लिहून काढा: पिकअप, खुंट्या, नट, नवे फ्रेट, जोडलेली चीर. लपवलेली दुरुस्ती दुसऱ्याच्या डोळ्याला दिसतेच.

दोन आठवडे आधी: साफसफाई

जुन्या धोतराचं धुऊन मऊ झालेलं कापड घ्या, यापेक्षा चांगलं फडकं विकत मिळत नाही. आधी कोरडी धूळ ब्रशनं काढा, नाहीतर आपल्या मातीचे कण पॉलिशवर बारीक ओरखडे पाडतात. मग किंचित ओलं फडकं, लगेच कोरडं. चकाकणाऱ्या पॉलिएस्टर फिनिशला एवढं पुरतं. मॅट फिनिश घासायचं नाही, जिथे घासाल तिथे चकाकी येते आणि ती जात नाही. जुन्या नायट्रोसेल्युलोज फिनिशला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लागला तर थर खराब होऊ शकतो. स्टँडच्या रबरानेही त्यावर डाग पडतात, म्हणून स्टँडच्या हातांना सुती कापड गुंडाळा. मोटारसायकलचं सिलिकॉन पॉलिश कुठल्याच वाद्याला नको. पुढे कधी रंगाचं काम निघालं तर नवा थर धरत नाही.

शिसव किंवा एबनीच्या फ्रेटबोर्डवर गिटारसाठी मिळणारं लेमन ऑइल, चार-पाच थेंब, दोन मिनिटं ठेवून पुसून काढायचं. वर्षातून दोनदा पुष्कळ झालं. स्वयंपाकघरातलं तेल नको. करडईचं तेल तर मुळीच नको, ते हवेत वाळून चिकट थर धरतं. फिनिश मारलेल्या मेपल बोर्डला तेलाची गरजच नसते.

फ्रेट काळवंडले असतील तर मधल्या लाकडावर मास्किंग टेप लावा, पिकअपही टेपनं पूर्ण झाका आणि मग ०००० नंबरच्या बारीक स्टीलवूलनं फ्रेट घासा. पिकअप झाकायला विसरलात तर लोखंडाचा भुगा चुंबकाला चिकटतो आणि तो काढता काढता दिवस जातो.

एक आठवडा आधी: तारा आणि सेटअप

इथे वेळ द्या. बाकी सगळं देखणं असलं आणि पाचव्या फ्रेटवर तार झणझणली, तर घेणारा वाद्य दोन मिनिटांत परत ठेवतो.

तारा बैठकीच्या दोन-तीन दिवस आधी बदला. त्याच दिवशी बदलल्या तर सूर उतरत राहतो. नव्या तारा हातानं हलकेच ओढून पुन्हा सुरात आणा, तीन-चार वेळा. इलेक्ट्रिकला ०.०१०-०.०४६ इंचांचा संच ठेवा. ०.००९ मऊ लागतो, पण अनोळखी हात जोर लावतो आणि सूर वर सरकतो. बेसला ०.०४५-०.१०५. बेसच्या तारा महाग, म्हणून एक जुना उपाय: काढून दहा मिनिटं पाण्यात उकळा, पुसून कोरड्या करा, त्यात अडकलेला मळ निघतो आणि खणखणीतपणा काही दिवसांपुरता परत येतो. बैठकीपुरता चालतो. नवी बेसची तार कापताना आधी काटकोनात वाकवा, मग वाकाच्या पलीकडे कापा; सरळ कापली तर वरचं वेटोळं आतल्या तारेवरून सुटू शकतं. आणि नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा चढवू नका, ब्रिज उखडेल.

आता मोजमाप. हत्यारं दोनच: अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी आणि फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या. फिलर गेज ऑनलाइन शोधत बसू नका. टॅपेट सेट करायला प्रत्येक गॅरेजवाल्याकडे असतं, ऑटो स्पेअर्सच्या दुकानात मिळतं.

क्रम असा: सूर लावा, नेकची वाक बघा, तारांची उंची, मग स्वरशुद्धता, मग पिकअप. क्रम मोडला तर एक दुरुस्त करताना दुसरं बिघडतं.

नेकची वाक बघायला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि नेक जिथे बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर सगळ्यात जाड तार दाबा. तार आता सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट आहे ते फिलर गेजनं मोजा. गिटारला ०.२ ते ०.२५ मिमी, बेसला ०.३ ते ०.३५. फट जास्त असेल तर ट्रस रॉडची किल्ली घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवून आवळा, फट नसेल तर उलट सैल करा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि रात्रभर थांबून पुन्हा मोजा. किल्ली अडली तर जोर लावू नका, तिथून पुढे कारागिराचं काम. जुन्या स्वस्त देशी गिटारमध्ये आणि क्लासिकलमध्ये कित्येकदा ट्रस रॉडच नसतो. तिथे हलक्या तारा लावणं एवढंच हातात राहतं.

उंची १२व्या फ्रेटवर मोजा, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. इलेक्ट्रिकला जाड तारेखाली १.६ ते २ मिमी, बारीक तारेखाली १.५च्या आसपास. अकूस्टिकला २.५ आणि २. बेसलाही जवळपास तेवढंच, २.५ आणि २. घरी तुम्ही यापेक्षा खाली वाजवत असाल, ती तुमच्या बोटांची सवय. बैठकीसाठी पाव मिलिमीटर वर ठेवा. ऑर्केस्ट्रात वाजवणारा माणूस मोठ्या आवाजात स्वतःला ऐकायला जोरात तार छेडायला शिकलेला असतो, तो तुमच्या हलक्या हाताच्या सेटअपवर वाजवेल तेव्हा फक्त झणझण ऐकू येईल. अकूस्टिकचा सॅडल घासावा लागला तर लक्षात ठेवा: १२व्या फ्रेटवर अर्धा मिमी उतरवायचा तर सॅडल एक मिमी घासावा लागतो. खालची बाजू घासायची, सपाट काचेवर पॉलिशपेपर ठेवून.

स्वरशुद्धतेसाठी १२व्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर नटच्या दिशेनं पुढे. मोबाइलमधला ट्यूनर गिटारला चालतो, पण बेसची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची. फोनच्या माइकला ती नीट पकडता येत नाही. केबलचा ट्यूनर घ्या किंवा १२व्या फ्रेटवरच्या हार्मोनिकवर सूर लावा.

पिकअपची उंची शेवटचा फ्रेट दाबून मोजतात. स्ट्रॅटोकास्टरसारख्या सिंगल कॉइल पिकअपला (तारेचं एकच वेटोळं असलेल्या) जाड बाजूला २.४ आणि बारीक बाजूला २ मिमी, जॅझ बेसला ३.२ आणि २.४. आवाज वाढावा म्हणून पिकअप वर चढवायचा मोह होतो, पण चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर डगमगायला लागतो.

आवाजाची कळ फिरवताना खरखर येत असेल तर काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा आत मारून कळ वीसेक वेळा फिरवा. जॅकचं नट सैल असेल तर बाहेरून नुसतं आवळू नका, आतला भाग सोबत फिरतो आणि वायर तुटते. आतून धरून आवळा. डाग देण्याचं काम स्वतःला येत नसेल तर गावातल्या बेंजो पार्टीच्या कारागिराला गाठा. बेंजोला पिकअप बसवून तो पॉवर अँपवर वाजवणारी ही माणसं. चुंबक, तारेचं वेटोळं आणि अर्थिंग त्यांना पाठ असतं. त्यांना बैठकीलाही बोलवा.

फोटो

फोटो बैठकीआधीच काढून ठेवा, नंतर गर्दीत होत नाहीत. ऊन नको, उजेड हवा; सकाळी उत्तरेकडच्या व्हरांड्यात काम होतं. पार्श्वभूमीला काळी घोंगडी साध्या वाद्याला उठाव देते. हिमरूची शाल लोक हौसेनं घालतात, पण तिची नक्षी सनबर्स्टशी (मधून कडेला गडद होत जाणाऱ्या रंगाशी) भांडते, ती पांढऱ्या किंवा काळ्या गिटारखाली ठेवा. फोनची रुंद लेन्स टाळा, हेडस्टॉक भोपळ्यासारखं फुगतं. थोडं मागे जाऊन दोनपट झूम करा. चकाकीत स्वतःचं प्रतिबिंब दिसत असेल तर गडद कपडे घाला आणि वाद्य थोडं तिरकं करा. समोरून, मागून, हेडस्टॉक, ब्रिज, नेकचा सांधा आणि झिजलेल्या जागा, एवढं पुरे. क्रमांकाचे शेवटचे दोन-तीन आकडे झाका, नकला करणाऱ्यांना तयार क्रमांक कशाला द्यायचा.

नेताना

रेल्वे उत्तम. नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगर या पट्ट्यात देवगिरी, नंदीग्राम, तपोवन, मराठवाडा एक्स्प्रेस आहेत. स्लीपरमध्ये वरचा बर्थ घ्या आणि वाद्य भिंतीच्या बाजूला आडवं ठेवा. एसटीत मागची सीट नको, मागच्या चाकाच्या पुढे बसा आणि वाद्य दोन गुडघ्यांत उभं धरा. डिकीत अजिबात नाही. बंद मोटारीत उन्हाला तापमान ६० अंशांच्या आसपास जाऊ शकतं आणि ब्रिजचा सरस ढिला पडतो. चहाला थांबलात तर वाद्य सोबत उतरवा.

तारा पूर्ण सैल करायची पद्धत मला मान्य नाही. नेकवरचा ताण एकदम गेला की मेहनतीनं लावलेली वाक बदलते. एक सूर खाली उतरवा, बस्स. लेस पॉलसारखं मागे झुकलेलं हेडस्टॉक असेल तर केसमध्ये नेकखाली टॉवेलची घडी घाला, म्हणजे हेडस्टॉक अधांतरी राहील आणि धक्का त्याच्यावर येणार नाही. पोचल्यावर केस लगेच उघडू नका. अर्धा-पाऊण तास खोलीच्या हवेला येऊ द्या.

वीज

हा भाग घाईत करायचा नाही. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण त्याला अर्थिंग जोडलेलंच नसतं. गिटारच्या तारा ब्रिजमार्फत अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात. अँप आणि गाण्याचा माइक वेगवेगळ्या लाइनवर असले आणि एकीचं अर्थिंग खराब असलं, तर तारांवर हात ठेवून माइकला ओठ लावणाऱ्याला झटका बसतो आणि तो जीवघेणाही ठरू शकतो. म्हणून सगळी उपकरणं एकाच बोर्डावरून घ्या. सुरू करण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला आणि दुसरं माइकच्या जाळीला लावा. आकडा शून्याच्या जवळ हवा. काही व्होल्ट दिसले तरी थांबा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. घरघर कमी करायला अर्थची पिन काढून टाकणारे लोक भेटतील, त्यांचं ऐकू नका.

तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर वाद्याची जोडणी ठीक आहे. उरलेली सिंगल कॉइलची ५० हर्ट्झची गुणगुण असते. ट्यूबलाइट आणि चार्जर बंद करा, बसायची दिशा बदला, बरीच कमी होईल. लाइट जाणारच, तेव्हा इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा हवा, स्क्वेअर वेव्हवर अँप माशीसारखा भणभणतो. व्हॉल्व्हच्या अँपला जनरेटरवर लावू नका.

गिटारला १०-२० वॉटचा अँप खोलीत पुरतो. गिटारच्या छोट्या अँपला बेस जोडून आवाज मोठा केला तर स्पीकरचा कागद फाटतो. बेसचा वेगळा अँप नसेल तर डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) साउंडवाल्याच्या मिक्सरला द्या. अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते आणि केबल लावलेली असेपर्यंत ती खर्च होत राहते. वाजवून झालं की केबल काढा आणि एक जास्तीची बॅटरी खिशात ठेवा.

मांडणी आणि हाताळणी

स्टँड भिंतीला धरून, खिडकीच्या उन्हापासून आणि पंख्याच्या झोतापासून लांब. प्रत्येक वाद्याजवळ पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा: नाव, वर्ष, स्केल, तारा, सूर कशात लावलाय, काय बदललंय. सूर लिहिणं महत्त्वाचं, कुणी तरी अर्धा सूर उतरवलेली गिटार उचलून सोबत वाजवायला लागतो आणि पाच मिनिटं सगळे एकमेकांकडे संशयानं बघत राहतात.

नियम सुरुवातीलाच मोकळेपणी सांगा. विचारून घ्यायचं. घड्याळ, अंगठी, पट्ट्याचं बक्कल काढायचं किंवा शर्ट वर ओढून झाकायचं. हात धुऊन, पुसून. एका हातानं नेक, दुसऱ्यानं बॉडी. कुणाच्या हातात देताना ‘धरली का?’ विचारा आणि ‘धरली’ ऐकू आल्याशिवाय सोडू नका. वयानं मोठ्या काकांना हे सांगायला संकोच वाटतो; मग त्यांच्यासमोर आधी स्वतःचं घड्याळ काढून ठेवा, ते समजून घेतात. गिटारच्या पट्ट्याच्या बटणावर जाडसर रबरी वॉशर घाला, पट्टा निसटत नाही. लहान मुलं येणार असतील तर एक वाद्य त्यांच्यासाठी मोकळं ठेवा, पडलं तरी चालेल असं, आणि ते खरोखर वाजणारं असू द्या.

वाजवताना प्रत्येकानं पाच-सात मिनिटं घ्यावीत. आधी इफेक्ट न लावता मोकळ्या तारा, मग एकच तुकडा प्रत्येक पिकअपवर. म्हणजे वाद्य ऐकू येतं, पेडल नाही. बेसवाल्यांनी एकट्यानं झपझप बोटं दाखवण्यापेक्षा कुणाला तरी ढोलकीवर केरवा धरायला सांगावं आणि त्यावर षड्ज-पंचमाची साधी चाल ठेवावी. ढोलकीच्या मोठ्या पुडीचा घुमारा आणि बेसचा खालचा सूर एकाच जागेत येतात. अँपवरचा बेस थोडा कमी आणि मिड थोडा वाढवला की दोघंही वेगळे ऐकू येतात. ऑर्केस्ट्रातल्या लोकांना हे माहीत असतं, खोलीत एकटं वाजवणाऱ्यांना नसतं. दोघांना शेजारी बसवा.

मग अदलाबदल. हा सगळ्यात लांब चालणारा भाग, त्याला वेळेचं बंधन घालू नका. ज्याला जे वाद्य आवडलं त्यानं ते निदान दहा मिनिटं बसून वाजवावं आणि मालकानं तेवढा वेळ गप्प बसावं. मालक गप्प बसला की नेकच्या मागे कुठे खरखरीत लागतं, कोणता फ्रेट दबतो, हे दुसऱ्याच्या तोंडून कळतं. ते पुठ्ठ्याच्या मागे लिहून घ्या.

घरी आल्यावर

तारा आणि नेकची मागची बाजू कोरड्या फडक्यानं पुसा, दहा जणांचा घाम असतो. सूर पुन्हा वर आणा, एक रात्र जाऊ द्या आणि वाक आणि उंची परत मोजा. आकडे बदलले असतील तर तारीख टाकून वहीत लिहा. होळीच्या सुमारास हवा कोरडी व्हायला लागते तेव्हा ट्रस रॉड किती फिरवायचा, ते याच आकड्यांवरून ठरतं. केबल जॅकमध्ये राहिलेली नाही ना, ते बघा आणि केस बंद करा.